अक्काच्या घराची मागची बाजू

एखाद्याला तुझं घर खाली चाललंय हे सांगणं आणि तुझ्या तोंडाला वास येतो हे सांगणं, दोन्हींत फारसा फरक नाही. खरं असलं तरी राग सांगणाऱ्याचाच येतो. हे मला माझ्या धंद्यानं शिकवलं, आणि धंद्यापेक्षा माझ्या अक्कानं जास्त.

नव्वदीच्या दशकात मी बंगळुरात जमिनीच्या पातळ्या मोजायचं काम करत होते. तिवईवर दुर्बिणीसारखं यंत्र बसवायचं, त्याला आम्ही लेव्हल म्हणायचो. लांब कुणीतरी आकडे लिहिलेली उंच पट्टी सरळ धरून उभं राहायचं आणि दुर्बिणीतून त्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. कुठली जागा कुठल्या जागेपेक्षा किती वर, किती खाली, एवढंच त्यातून कळतं. पण दर महिन्याला त्याच जागा पुन्हा पुन्हा मोजल्या की जमीन हलतेय का, तेही कळतं. ऑफिसात मी एकटीच बाई. "मॅडम, उन्हात काळ्या पडाल," असं कुणी म्हणालं की मी सांगायची, "जन्मापासून काळी आहे, तुम्ही पट्टी सरळ धरा." तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ.

आमचं घराणं बंगळुरात कितीतरी पिढ्यांपासूनचं. घरात मराठी, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पुण्याहून कंप्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली पोरं तोंडाला रुमाल लावून हसायची. हसू देत. आमचं मराठी त्यांच्या आधी इथं पोचलंय. थोरल्या बहिणीला आम्ही अक्काच म्हणतो. आई लवकर गेली आणि अक्कानंच मला वाढवलं. त्यामुळं तिच्यावर ओरडायचा हक्क मला आणि माझ्यावर ओरडायचा तिला, असं आमचं आधीपासून ठरलेलं.

अक्काचं घर पीण्या या कारखान्यांच्या भागाच्या मागच्या अंगाला एका नव्या वसाहतीत होतं. भावोजी पीण्यातल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करायचे. आयुष्यभर भाड्याच्या घरात काढून उतारवयात त्यांनी हे घर बांधलं. बांधकाम चालू असताना अक्का रोज बसनं जाऊन स्वतः भिंतींना पाणी मारायची. गवंड्यावर तिचा भरवसा नव्हता. "सिमेंटला तहान लागते की गं," म्हणायची.

वसाहतीच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती. खाण बंद पडली, तिच्यात पाणी साचलं, मग कारखान्यांची जळकी वाळू, विटांचे तुकडे, कचरा, जे मिळेल ते टाकून ती बुजवली. वर रोलर फिरवला आणि प्लॉट पाडले. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. विचारलं की सगळे म्हणायचे, "खाण होती हो, बुजवली." गोवर येऊन गेला, आता काय, अशा सुरात.

एकदा अक्काचा ऑफिसात फोन आला. "स्वयंपाकघराच्या दारावर एक रेघ आलीय. येऊन बघून जा. येताना मल्लेश्वरमहून कॉफीची पूड आण."

रेघ म्हणजे भेग होती. दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर छताकडं गेलेली. मी बोट फिरवलं, नख आत गेलं. भावोजी मागं उभे राहून हसत होते. "भिंतीला भेग पडतेच. तुझ्या अक्काच्या टाचांना नाहीत?" आदल्या वर्षी त्यांना छातीचं मोठं दुखणं येऊन गेलं होतं. यांना कसली काळजी लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी अक्काला बजावलं होतं, आणि तेव्हापासून अक्का दुधाचा भाव वाढला तरी त्यांना सांगत नसे.

मी घराभोवती एक चक्कर मारली तेव्हाच भेगेचं कारण कळलं. घराची पुढची बाजू खाणीच्या काठावर, म्हणजे अस्सल खडकावर होती. मागची बाजू, म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणी, भरावावर. बरोबर त्या दोन्हींच्या सीमेवर ती भेग होती.

पुढच्या रविवारी मी ऑफिसची लेव्हल घेऊन गेले. वसाहतीबाहेर रस्त्याकडेला एक जुना बंडा होता, हत्तीएवढा काळा खडक. तो काही कुठं जाणार नव्हता. त्याच्यावर छिन्नीनं खूण केली आणि सगळी मापं त्या खुणेवरून घ्यायची ठरवली. घराच्या चारी कोपऱ्यांत जोत्यात लोखंडी खिळे ठोकले. भेगेवर काचेची एक बारीक पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरनं भिंतीला चिकटवली, आणि बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहिली.

"हे कशाला?" अक्कानं विचारलं.

"भिंत हलली की काच फुटते. फुटली की मला लगेच कळव. बाकी हात लावायचा नाही."

आकड्यांची पट्टी धरायला अक्काच उभी राहिली. पदर खोचून, दोन्ही हातांनी पट्टी घट्ट धरून, फोटो काढायला उभी राहावी तशी. "अक्का, श्वास घेतलास तरी चालेल," मी ओरडले. भावोजी पायरीवर बसून पोट धरून हसले. त्या दिवशी आम्ही तिघांनी बिसीबेळे भात खाल्ला आणि मी निघताना अक्का म्हणाली, "दर महिन्याला ये बाई, या निमित्तानं तरी तोंड दाखवशील."

मी जात राहिले. पुढचे दोन खिळे जागेवर होते. मागचे दोन पहिल्या महिन्यात केसभर खाली गेले, पुढच्या महिन्यात आणखी थोडे. मी भेगेकडं बघायची, तर काच धडधाकट. भेगेत भावोजींनी रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर चुना मारलेला. "दिसायला बरं दिसत नव्हतं," म्हणाले. मी चिडले की ते म्हणायचे, "होगली बिडु, भिंत माझी आहे." होगली बिडु म्हणजे जाऊ दे, सोडून दे. त्यांचा आवडता मंत्र.

ऑफिसातल्या साहेबांना मी आकडे दाखवले. त्यांनी काचेचं विचारलं. शाबूत आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. "काच खोटं बोलत नाही. घर मागे झुकत असतं तर काच कधीच गेली असती. तुमची लेव्हल तपासा." तपासली. दोनदा तपासली. लेव्हल ठणठणीत होती. मग मला स्वतःचाच संशय यायला लागला. एक साधन सांगतं घर खाली चाललंय, दुसरं सांगतं हललेलंही नाही. दोन्ही खरी कशी असतील? मी जेवता जेवता त्याचाच विचार करायची.

पाऊस सुरू झाल्यावर मी डोळ्यांनी जे बघितलं ते मात्र कुठल्याच साधनाला विचारायची गरज नव्हती. न्हाणीत ओतलेलं पाणी मोरीकडं जायच्या ऐवजी मागच्या भिंतीकडं जायला लागलं. स्वयंपाकघराच्या दाराची कडी लागेना. अक्का म्हणाली, "स्वल्प तिरपं झालंय, लाकूड फुगलं असेल." जेवताना मागून एकदा ठक्क असा आवाज आला. मी घास तोंडाशी धरून थांबले. "मांजर," अक्का म्हणाली. तिनं मान वर केली नाही. मांजराचा आवाज मला कळत नाही?

जेवणानंतर मी मागच्या कंपाउंडपलीकडं गेले. रस्त्याच्या गटाराचं पाणी उतारानं वाहत येत होतं, आणि अक्काच्या भिंतीच्या मागं एका जागी नाहीसं होत होतं. पुढं जात नव्हतं, साचतही नव्हतं. लालसर पाणी खळाळत येत होतं आणि जमीन ते पीत होती. मी तिथं छत्री धरून उभी राहिले आणि मला खरंच भीती वाटली. इतकं पाणी खाली जातंय तर खाली काय आहे? आणि जे होतं ते पाण्याबरोबर कुठं चाललंय?

आत येऊन सांगितलं तर भावोजी म्हणाले, "बरंच की, डास होत नाहीत."

गणपती जवळ आले होते तेव्हाची गोष्ट. ऑफिसचं काम त्याच बाजूला निघालं म्हणून मी न सांगता अक्काकडं गेले. महिन्याचा ठरलेला रविवार नव्हता तो. अक्का दारातच दचकली. मी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, भेगेवरच्या काचेला हात लावला आणि बोटाला ओलसर पांढरं लागलं. प्लास्टर अजून वाळलं नव्हतं.

"अक्का, ही काच कुणी लावली?"

ती पोह्याच्या डब्याचं झाकण लावत राहिली. आधीच लागलेलं.

"अक्का!"

"ओरडू नकोस, ते पुढं झोपलेत." मग हळूच म्हणाली, "सकाळी फुटलेली दिसली. सणाच्या तोंडावर फुटकी काच घरात ठेवतात का? लक्ष्मी राहते का अशा घरात? काढून टाकली, दुसरी लावली."

"आजच?"

ती डबा फळीवर ठेवायला वळली.

"याआधी किती वेळा?"

"दोन-तीनदा असेल." तिनं माझा हात धरला. "त्यांना दिसली असती तर? तू म्हणालीस ना, फुटली की घर हललं. त्यांच्या छातीला ते सहन झालं असतं? म्हणून ते उठायच्या आत बदलत होते. पण आता कमी झालंय गं. पहिल्यांदा लवकर फुटली. आता मी लावलेली टिकते. एकदा तर दीड महिना टिकली."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या बहिणीला मी शहाणी समजत होते, एवढं शेवटचं वाक्य होतं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला, पण आवाज पुढं गेला होता. भावोजी दारात येऊन उभे होते, बनियनवर, केस विस्कटलेले.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. काही लपवलं नाही. अक्का डोळ्यांना पदर लावून भिंतीशी उभी होती. ते ऐकत राहिले. मग उठून आतल्या खोलीत गेले, कपाटावर हात घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर उलगडलं. काचेच्या पट्ट्या. त्याच मापाच्या.

"मी पण," ते म्हणाले.

मी त्यातली एक पट्टी उचलून बघितली.

"फुटलेली दिसली की मी बदलायचो. ती देवळात जाते तेव्हा." त्यांनी अक्काकडं बघितलं. "या घराच्या प्रत्येक विटेला हिनं पाणी घातलंय. हिला कसं सांगायचं? आणि अलीकडं टिकत होती की. मला वाटलं, बसलं घर जागेवर."

दोघांनी कोपऱ्यावरच्या एकाच तसबिरी मढवणाऱ्याकडून काचा घेतल्या होत्या. तो बिचारा दोघांना कापून देत राहिला. त्याचं काय चुकलं, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. अक्काला वाटायचं, आपण लावलेली काच टिकलीय. टिकलेली असायची ती भावोजींनी लावलेली. भावोजींना वाटायचं त्यांची टिकलीय, ती असायची अक्काची. एकमेकांच्या काचा बघून दोघं निवांत होत होते, आणि त्या दोघांच्या काचा बघून साहेब आणि मी.

"तुम्ही किती बदलल्या?" मी विचारलं.

भावोजींनी बोटं मोजायला सुरुवात केली, मग मोजणं सोडून दिलं. "बऱ्याच."

इतके महिने एका छताखाली ही दोघं एकमेकांना जपत होती आणि घर मात्र दोघांच्या मागं खचत चाललं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

"आज निघायचं," मी म्हटलं. "आत्ता."

"कधी पडणार ते सांग," अक्का म्हणाली.

"ते मला सांगता येत नाही."

"मग इतकी वर्षं काय शिकलीस?"

बरोबर होतं तिचं. किती खाली गेलं ते मी मिलीमीटरपर्यंत सांगू शकत होते. कधी, ते नाही. उद्या की पुढच्या वर्षी, ते कुणालाच सांगता येत नाही. अक्का म्हणाली, गौरी घरात बसवल्याशिवाय मी हलणार नाही, गौरीला काय सांगू, बहिणीच्या दोन खोल्यांत ये म्हणून? मी हात जोडले, ओरडले, रडले. शेवटी भावोजी उठले. "सरी, ठीक आहे," म्हणाले. "गौरी आपण जिथं असू तिथं येईल. ती आपल्यापेक्षा शहाणी आहे." त्यांनी देव टोपलीत घेतले, एक ट्रंक, गॅसची शेगडी आणि दोन गाद्या घेतल्या, आणि आम्ही रिक्षानं बंगळुरातल्याच श्रीरामपुरातल्या माझ्या दोन खोल्यांत आलो.

आणि घर उभंच राहिलं.

गणपती आले, गेले. गौरी माझ्याकडं बसली. अक्कानं तिला साडी नेसवली, पुरणपोळ्या केल्या, आणि माझ्याशी कामापुरतंच बोलली. "मीठ कुठं ठेवलंस?" एवढंच. शेजारपाजारचे भावोजींना बाजारात भेटायचे. "काय हो, मेहुणीनं घराबाहेर काढलं म्हणे? उभं आहे की अजून." भावोजी हसून होगली बिडु म्हणायचे, पण घरी आल्यावर जेवण कमी जायचं. दसरा आला. घर उभं. अक्का मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "माझ्या ओट्यावर कोळी जाळी करत असतील."

मी दर रविवारी जात होते. आता पट्टी भावोजी धरायचे, तेही पुढच्या बाजूला उभे राहून. मागच्या खिळ्यांपाशी मी एका काठीला पट्टी बांधून ती लांबूनच टेकवायची. आकडे खाली चालले होते, पण सावकाश. एका रविवारी तर हललेच नाहीत. भावोजींचा चेहरा उजळला. "थांबलं बहुतेक! दिवाळीला जाऊ या का परत?" मी नको म्हटलं. तरी त्या संध्याकाळी अक्का ट्रंक आवरताना दिसली.

तेव्हा मला एक गोष्ट कळली आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. त्या घराच्या पडण्याची मी वाट बघत होते. सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच. पड बाबा. ही दोघं परत जायच्या आत पड. ऑफिसात फोन वाजला की मी दचकायची, आणि दुसऱ्याच कुणाचा निघाला की चक्क हिरमुसायची. ज्या भिंतींना माझ्या बहिणीनं पाणी घातलं त्या भिंती पडाव्यात म्हणून मी देवाला हात जोडत होते. शी! असं वाटायचं, आणि तरी हात जोडलेलेच.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तीन दिवस न थांबता पाऊस लागला. चौथ्या दिवशी दुपारी फोन आला तो अक्काच्या शेजारणीचा. ती रडत होती, तिच्या हुंदक्यांतून मला एवढंच कळलं की आवाज फार मोठा झाला आणि तिच्या घरातली भांडी खाली आली. लागलं कुणालाच नव्हतं. मी श्रीरामपुरात जाऊन दोघांना घेतलं. रिक्षात भावोजी छातीवर हात ठेवून बसले होते. अक्का बाहेर बघत होती.

समोरून घर जसंच्या तसं होतं. रंग, पायऱ्या, दारावरचं तोरण, सगळं. गल्लीतले लोक छत्र्या घेऊन लांब उभे होते. मी भावोजींना रिक्षातच बसवून ठेवलं. अक्का सरळ पायऱ्या चढायला लागली. मी मागून धावले. "अक्का, आत जायचं नाही!"

"आत कुठं जातेय," ती म्हणाली. कमरेची किल्ली काढून तिनं कुलूप उघडलं, जसं रोज बाजारातून आल्यावर उघडायची तसं, आणि दार ढकललं. बैठकीची खोली, तिच्यापुढं स्वयंपाकघराचं दार, आणि दारापलीकडं काही नव्हतं. पाऊस पडताना दिसत होता. खालून पाण्याचा आवाज येत होता, खोलवरून. ओट्याचा काळा दगड, न्हाणीतला हंडा, त्याची चूल, ती जिथं दिवसातला बहुतेक वेळ उभी असायची ती सगळी जागा त्या आवाजात गेली होती.

आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर उभ्या होतो. माझ्या घशातून एक मोठा सुस्कारा बाहेर पडला. मला तो आवरता आला नाही. अक्कानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिला माझा चेहरा लहानपणापासून वाचता येतो.

"झालं तुझ्या मनासारखं?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. जिनं मला वाढवलं तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"हो," मी म्हटलं. "तू बाहेर उभी आहेस. मला एवढंच हवं होतं."

तिनं मला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. मग दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, लागलं का म्हणून एकदा ओढून बघितलं, आणि पायऱ्या उतरायला लागली.